रबराच्या झांजा

सोमवार, ८ सप्टेंबर १९९७

नवरात्रात माझ्या ड्रमसेटचे धातूचे सिंबल, म्हणजे झांजा, वाजणार नाहीत, हे आज पक्कं झालं. स्वतः उदयसिंहने सांगितलं. ऑर्केस्ट्रा त्याचा आहे, तेव्हा त्याच्याविरुद्ध दाद मागायला जागा नाही.

महापेहून कंपनीच्या बसने निघालो तो घरी न येता तुर्भ्यालाच उतरलो. मार्केटमध्ये त्याचा गाळा आहे. खाली कांदा-बटाटा, वर माळ्यावर आमची प्रॅक्टिस. गोण्यांमुळे आवाज घुमत नाही, एवढा एक फायदा.

"श्यामराव, राग मानू नका," तो म्हणाला. "पण काल नेरुळच्या गणपतीत तुमच्या सिंबलनी पोरीचा आवाज पार गिळला. माईक तिचा, अन् त्यातनं ऐकू येतंय काय, तर छ्यांऽ छ्यांऽ."

"मग मानसिंगला सांग मिक्सरवर तिचा आवाज वाढवायला."

"तो तिचा वाढवतो, तर तिच्या माईकमधनं तुमचाच वाढतोय!"

त्याचं म्हणणं असं : सिंबल आणि पायाच्या पेडलचा हायहॅट इलेक्ट्रॉनिक घ्यायचे. ड्रम राहतील तेच. स्टँडवर रबराच्या तबकड्या लावायच्या, त्यांची वायर एका डब्यात, आणि डब्यातला आवाज थेट मानसिंगच्या मिक्सरला. मग कितीही बडवा, लोकांना ऐकू जाईल तेवढंच, जेवढं मानसिंग सोडेल.

मी विचारलं, "म्हणजे ऑक्टोपॅडवाला करून टाकतोस मला?"

"अहो, ऑक्टोपॅड मांडीसमोर असतो. हे स्टँडवर. इज्जत तीच राहती."

कालचा कार्यक्रम मला तरी चांगला वाटला. सुनयना दोन-तीनदा गाता गाता मागे वळून माझ्याकडे बघत होती. शेवटच्या गाण्यातल्या माझ्या जागा तिला आवडल्या असाव्यात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

जुईनगरला पंढरीकडे गेलो. हा ऑर्केस्ट्रावाल्यांना वाद्यं भाड्याने देतो, मागितली तर विकतोही. त्याच्याकडे दोन सेट आहेत, दोन्ही जपानी. एक थोडा जुना, तबकड्या कडक. दुसरा नवा, रबर मऊ, हायहॅटचा पायातला पेडल जड.

जुना वाजवून बघितला. निराशा झाली. क्रॅश, म्हणजे ठोक्यावर फुटणारी झांज, नुसती 'धप्प'. त्याच्या मागे जो झळाळ पसरत जायला हवा तो नाहीच. राइडवर, म्हणजे लय धरायच्या मोठ्या झांजेवर, काठीचं टोक पडलं की थेंबासारखा आवाज यायला पाहिजे, तिथे जाड पुठ्ठा वाजल्यासारखं. मी डब्यावरचं ट्रेबलचं बटण फिरवत गेलो. शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे जरा सिंबलसारखं वाटलं.

पंढरी कानांवर हात ठेवून उभा होता. "साहेब, बास! कुत्री गोळा होतील."

"एवढं तर लागतंच, पंढरी. सिंबल आहे, डग्गा नाही."

"मला तर सुई टोचल्यासारखं होतंय."

दिवसभर वाद्यांच्या ढिगात बसून कान हळवे झालेत त्याचे. नवा सेट वाजवला. तोही मंदच. तसं त्याला बोललो तर तो स्क्रू घट्ट करत बसला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

उद्यापासून पितृपक्ष. उदयसिंहच्या आईने, विजयमालाबाईंनी, गाळ्यावर येऊन बजावलं की या पंधरवड्यात नवी वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. विकत तर नाहीच, भाड्याचीही नाही. घटस्थापनेला सकाळी पैसे देऊन आणा, हार घाला, संध्याकाळी वाजवा.

आता घटस्थापनेला आणून त्याच संध्याकाळी नऊ दिवसांचा दांडिया सुरू करायचा, तर आधी पारख कधी करणार? उदयसिंहने तोड काढली. दोन्ही सेट पंढरीकडून आणून माझ्या घरी ठेवायचे. पंधरवडाभर मी वाजवायचे आणि सांगायचं कोणता घ्यायचा. "तुम्ही सांगाल तो. आपला शब्द."

घरी अरुणाला सांगितलं.

"म्हणजे त्यांचे पितर ते पितर, आणि आपले?"

"आपण विकत कुठे घेतोय? उसनं आहे."

"मग उसनं त्यांनीच ठेवावं की. हॉलमधला सोफा कुठे नेऊ, गच्चीत?"

सोफा शेवटी बेडरूममध्ये कोंबला. ईश्वरी खूश आहे. तिच्या दहावीच्या वर्षात घरात असा पसारा नको होता खरा, पण हेडफोन लावून वाजवलं की बाहेर फक्त काठ्यांची टकटक. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही बोलायला जागा नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

नव्या सेटचा हायहॅट बिघडलेला आहे.

खऱ्या हायहॅटमध्ये दोन झांजा एकावर एक असतात. पाय दाबला की मिटतात, 'टिक्'. सैल सोडला की उघडतात, 'त्सीऽ'. अर्धवट दाबला की मधला, शिट्टीसारखा. सगळी लय त्या पायात असते. इथे तबकडी एकच, आणि खालचा पेडल डब्याला सांगतो की पाय किती दाबला आहे. तर हा पेडल काही सांगतच नाही. दाबलं काय, सोडलं काय, सारखंच.

पंढरीला फोन केला. तो बिचारा स्कूटरवर दुसरा पेडल घेऊन आला. तोही तसाच.

ईश्वरी क्लासहून आली. हेडफोन तिला दिला आणि म्हटलं, ऐक, काही फरक आहे का?

"आहे की बाबा. हे बंद. आणि हे... त्सीऽऽ. मस्त!"

"कुठे मस्त? काही ऐकू येत नाही."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग पंढरीकडे. "हेडफोन डावीकडून लूज असेल," ती म्हणाली. पंढरीने वायर हलवून बघितली आणि तिसरा पेडल आणतो म्हणून गेला. चहाही घेतला नाही.

तिच्या मनगटावरचं घड्याळही बंद पडलंय. दर तासाला पिकपिक करायचं, हल्ली करत नाही. सेल टाकायला हवा. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, टाकते.

मुलं आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात. कंपनीतली नवी पोरंही तशीच. स्वच्छ बोला म्हटलं की ओरडायला लागतात.

रविवार, २१ सप्टेंबर

आज सगळ्यांना घरी बोलावलं होतं. कल्पना माझीच. धातू आणि रबर यांतला फरक तोंडाने सांगून कोणाला पटत नाही, तर दाखवून द्यावा. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसणार. हॉलमध्ये ईश्वरी मनाला येईल तसा कधी माझा खरा हायहॅट वाजवणार, कधी स्पीकरला जोडलेला रबराचा, कधी मिटलेला, कधी उघडा. मी न बघता ओळखणार. उदयसिंह आणि सुनयना पंच. सेक्रेटरीकडून दुपारची परवानगी काढली.

पहिले दोन-तीन बरोबर आले. जोराचे होते. मग एक मी रबर म्हटलं तो धातू निघाला.

"तोंडावर पडलात की!" उदयसिंह बाहेरून ओरडला. "तुमच्याच झांजेला रबर म्हणताय, श्यामराव."

मी म्हटलं, हलक्या हाताने वाजव, ईश्वरी, खरा फरक हलक्यात कळतो. आणि वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. कोणी हसतही नव्हतं.

"अगं, सुरू कर की."

वळून बघितलं तर अरुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"वाजवून झालं तिचं," ती म्हणाली. "कधीचं."

स्वयंपाकघरात फ्रीज चालू होता. त्याची घरघर बरीच आहे. शिवाय दोन दिवस सर्दी आहे. तसं सगळ्यांना सांगितलं. उदयसिंह लगेच म्हणाला, हां, फ्रीज आहेच. पोहे खाऊन गेले सगळे.

खरा हायहॅट वाजवताना मला तो ऐकू येतो. आत्ताही वाजवून बघितला. काठीतून बोटात येतो, पेडलमधून तळव्यात येतो. स्वच्छ येतो.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कंपनीतून सुटल्यावर गेटवर सुनयना उभी होती. ती वाशीला एका ऑफिसात टायपिस्ट आहे, महापेला तिचं काम नसतं. म्हणाली, श्यामदादा, चहा घेऊ.

टपरीवर उभं राहून तिने जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहितो.

"गेल्या नवरात्रापासून तुम्ही सिंबल फार जोरात मारता. आधी नव्हता मारत. मला वाटायचं माझ्यावर रागावलायत. मागे वळून किती वेळा बघितलं, तर तुम्ही हसता!"

"मला वाटलं, तुला आवडतंय."

"दादा, मी डोळे वटारत होते."

दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "इलेक्ट्रॉनिकचा हट्ट माझाच आहे. उदयदादा तर तुम्हाला बदलायचं म्हणत होते. कळंबोलीचा कुलदीप आहे ना, लग्नाच्या हळदीला बेंजो पार्टीत वाजवतो, त्याला विचारून पण ठेवलंय त्यांनी. मी म्हटलं, माणूस नको बदलूया, सिंबल बदलूया."

मला या पंधरवड्यात वाटत होतं की मी सेट निवडतो आहे.

घरी येऊन अरुणाला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती कणीक मळत होती. "मागून हाक मारणं मी केव्हाच सोडलंय. समोर येऊन बोलते. तुमच्या लक्षात आलं नाही का?"

मला वाटायचं, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही अजून काम सोडून समोर येऊन बोलते.

वाशीच्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर तिने पंधरा दिवसांपूर्वीच लावून ठेवला होता. शुक्रवारचा.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

तपासणी झाली. एका लहान खोलीत, भिंतींना स्पंज लावलेला, दार जाड. मला वाटलं रेकॉर्डिंग स्टुडिओत आलो. काचेपलीकडे तपासणारी मुलगी, माझ्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं.

सुरुवातीला खालचे सूर होते, सगळे आले. मग चढत गेले, बारीक होत गेले. मी दाबत होतो. छान चाललं होतं. आपण उगाच घाबरलो, असं वाटायला लागलं.

तिने मध्येच थांबून दार उघडलं. "काका, मघापासून मी आवाज सोडलेलाच नाही."

"मग मी काय दाबत होतो?"

"तेच विचारतेय."

मला कळलं. ती मुलगी एका ठरावीक अंतराने आवाज सोडत होती. तीन-चार झाल्यावर ते अंतर माझ्या अंगात भिनलं. पुढे आवाज असो-नसो, तो जिथे यायला हवा तिथे मी बटण दाबत होतो. सगळं तालात. खोटं बोलायचा विचार मनातही नव्हता. शपथेवर सांगितलं असतं, ऐकला म्हणून.

म्हणजे स्टेजवर गेलं वर्षभर मी हेच करत असणार. हायहॅट जिथे वाजायला हवा तिथे मला तो 'ऐकू येत' होता.

ती चिडली नाही. पुन्हा बसवलं आणि या वेळी आवाज वेडेवाकडे सोडले, कधी लगेच, कधी खूप थांबून. ताल धरता येईना. मग मात्र कागदावरची रेघ वरच्या सुरांपाशी खाली कोसळली. डावा कान जास्त गेला आहे. हायहॅट डाव्या हाताला असतो, तेव्हा त्यात नवल नाही.

डॉक्टरबाई सरळ बोलल्या. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते टिकवायचं असेल तर कानाशी धातू वाजवणं आजपासून बंद.

"ड्रम?"

"कानात बोळे घालून, आवाज ताब्यात असेल तर. तुमच्यात ते इलेक्ट्रॉनिक निघालंय ना काहीतरी?"

शेजारी बसलेल्या अरुणाने माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल तिचे आभार.

शनिवार, २७ सप्टेंबर

उदयसिंहला जाऊन सांगितलं. कुणाच्या तरी तोंडून कळण्यापेक्षा बरं. खाली गोण्या उतरत होत्या. त्याने हमालांना थांबवलं नाही, मला गाळ्याच्या मागच्या बाजूला नेलं.

"श्यामराव, मला वाटलं तुमचा हात सुटला. दारूबिरू धरली काय, असंपण मनात आलं. आई म्हणली, तसला माणूस नाय तो."

"आता कुलदीपला बसव."

"तुम्हाला कुणी सांगितलं कुलदीपचं?... सुनयना. बरोबर." तो जरा वेळ हिशोबाच्या टेबलावर बोटं वाजवत बसला. बेताल. "तो चांगला वाजवतो. पण त्याला थांबायचं माहीत नाही. हळदीतला आहे, सुरू झाला की पहाटच."

"मग?"

"मग काय! तुमची लय चुकली का कधी? तुम्ही सेट सांगा कोणता घ्यायचा. तो शब्द मी मागं घेतलेला नाही."

मी म्हटलं, मी कसा सांगू? मला दोन्ही सारखेच ऐकू येतात.

"ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला आणि ट्रककडे गेला.

सोमवार, २९ सप्टेंबर

सेट ठरला. नवा, मऊ रबराचा.

सुनयना ऑफिसहून आली. ती आणि ईश्वरी सोफ्यावर, म्हणजे बेडरूममध्ये पलंगाला टेकवलेल्या सोफ्यावर. दार उघडं. मी हॉलमध्ये कानात बोळे घालून, डबा स्पीकरला जोडून. आवाज दोघींनी निवडायचा, हे ठरवून टाकलं. ट्रेबल मी ज्या टोकाला नेऊन ठेवलं होतं तिथून सुनयनाने ते निम्म्याखाली आणलं. मला तर सिंबल वाजतच नाहीत असं वाटलं. ईश्वरी म्हणाली, "आता कसं खरं वाटतंय!" मी मान डोलावली. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा.

आवाजात दोघींना जुना सेट थोडा उजवा वाटला. क्रॅशचा पसारा त्यात जास्त आहे म्हणे. पण जुन्याचा पेडल पोकळ आहे. पाय कुठे आहे ते पायाला कळत नाही. नव्याचा पेडल जड, त्याला खाली एक थांबा आहे, अर्ध्यावर स्प्रिंगचा जोर बदलतो. मिटला, अर्धा, उघडा, तिन्ही जागा तळव्याला वेगवेगळ्या लागतात. ज्याच्याबद्दल मी पंढरीला तीन खेपा घालायला लावल्या तोच पेडल. त्यात काही बिघाड नव्हताच.

"मग नवाच," सुनयना म्हणाली. "क्रॅश मानसिंग सांभाळेल. पाय कोण सांभाळणार?"

मग डोळे मिटून एक गाणं अख्खं वाजवलं. तिने हॉलमध्ये येऊन हलक्या आवाजात म्हटलं. मला तिचे शब्द अर्धेमुर्धे कळत होते, 'स' आणि 'श' तर नाहीतच, पण सूर पूर्ण. कुठे संपतंय ते कळलं आणि शेवटच्या ठोक्यावर दोघंही एकत्र थांबलो. ईश्वरीने टाळ्या वाजवल्या असाव्यात. डोळे उघडले तेव्हा तिचे हात जोडलेले होते.

पंढरीला फोन करून कळवलं. माफीही मागितली. तो म्हणाला, "साहेब, पेडल चांगला आहे हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुम्हाला कसं सांगायचं ते माहीत नव्हतं."

बुधवार, १ ऑक्टोबर

आज सर्वपित्री. पंधरवडा संपला. अरुणाने पान वाढून बाहेर ठेवलं, आणि दोन्ही सेटकडे बघून म्हणाली, "सगळे पितर एकदाचे जाऊ द्या घरातून."

धातूचे सिंबल पुसून त्यांच्या पिशवीत घातले. ईश्वरी म्हणाली, विकू नका. विकणार नाही, पण स्टँडवरून काढताना एकही वाजू दिला नाही. कठीण गेलं ते.

उद्याचं असं ठरलं आहे. सकाळी घट बसले की विजयमालाबाई गाळ्यावर पूजा करतील, पंढरी तिथेच पावती देईल. दुपारी मानसिंग सेट सानपाड्याच्या मैदानात नेऊन जोडेल. सुनयनाने ठरवलेल्या जागी बटणांवर त्याने चिकटपट्टी लावली आहे, मला फिरवता येऊ नये म्हणून. हे त्याने माझ्या तोंडावर सांगितलं.

उदयसिंहने आज गाळ्यावर आणखी एक गोष्ट सांगितली. कुलदीपला त्याने येऊ नको म्हणून कळवलेलं नाही. तो उद्या मानसिंगशेजारी बसेल. मध्यंतरापर्यंत मी. मध्यंतराची आरती झाली की उदयसिंह स्टेजवर येईल आणि पुढचं सगळं नवरात्र कोण, ते तिथल्या तिथे सांगेल. "दोस्ती एका बाजूला, श्यामराव. पब्लिकनं पास घेतलेत."

मी म्हटलं, बरोबर आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

संध्याकाळी कुलदीपला फोन केला. आधी ओळख नव्हती. तो गडबडला, "काका, मी काय तुमची जागा... मला नुसतं या म्हणालेत." मी म्हटलं, जागेचं राहू दे, तू काठ्या कसल्या वापरतोस? पातळ, तो म्हणाला. मी म्हटलं, त्या मऊ रबरावर उडतात, पहिल्याच गाण्यात हातातून जातील. आणि पेडलला अर्ध्यावर स्प्रिंग बदलते, तिथे पाय ठेवायची सवय लागते, तर आरतीच्या वेळात येऊन दोन मिनिटं पाय ठेवून बघ. तो "हो हो" म्हणत होता. मग त्याने काहीतरी विचारलं ते मला नीट कळलं नाही. पुन्हा विचारायला सांगितलं. आज पहिल्यांदाच असं झालं की 'स्वच्छ बोल' न म्हणता मी म्हणालो, "मला ऐकू कमी येतं, जरा सावकाश सांग."

तो विचारत होता, जाड काठ्या कुठे मिळतील.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. कानाचे बोळे, रुमाल, पाण्याची बाटली. जाड काठ्यांच्या तीन जोड्या. एक कुलदीपसाठी, दोन माझ्यासाठी. दोन तासांच्या पहिल्या भागाला एक जोडी पुरते. दुसरी आरतीनंतर लागेल, असं धरून ठेवली आहे.